पोरीला तिकडं खेळायला पाठवू का? मैदान नाही, रस्ता बघा भाऊ

परवा रात्री आपल्या तालुक्यातल्या एका भाऊचा मेसेज आला. पोरगी कबड्डी खेळते, संघात नाव आलं, स्पर्धा परदेशात आहे अन् त्या देशात तीन आठवड्यांपासून मोर्चे, जाळपोळ, मधातच कर्फ्यू. भाऊ विचारते, "सर, पोरीला पाठवू का नको? अन् एवढी गडबड चालू असताना अशा देशात स्पर्धा ठेवतातच काऊन?" फोनवर पंधरा-वीस मिनिटं बोललो पण त्याचंही समाधान झालं नाही अन् माझंही, म्हणून आता बसून सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न थोड्या थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी विचारतेच.

माझं थोडक्यात सांगतो. बीपीएड अमरावतीचं, पहिली नोकरी गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यातल्या आश्रमशाळेवर, मंग बदली घेऊन दर्यापूरकडे हायस्कूलवर. तीस वर्षं पोट्टे-पोट्ट्या खेळवल्या, पंच म्हणून शिट्टी वाजवली, मॅनेजर म्हणून संघ घेऊन फिरलो, सीमेपलीकडेही गेलो. गावातली खुली स्पर्धा तं अजूनही आमचंच मंडळ भरवते. म्हणजे मी स्पर्धा भरवणाराही आहे अन् दुसऱ्याची लेकरं सोबत घेऊन जाणाराही आहे, अन् या दोन माणसांचं मत एकसारखं नसते हे आधीच सांगून ठेवतो.

"गडबडीच्या देशात स्पर्धा नकोच" हे बोलायला सोपं आहे. आपल्याच खेळाचा इतिहास काढून बघ ना. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ 1936 ला बर्लिन ऑलिंपिकला गेला अन् तिथं कबड्डी दाखवून आला, हे आम्हाला कॉलेजात अभिमानानं सांगायचे अन् सांगायलाच पाहिजे. पण यजमान कोण होता? हिटलर. बर्लिनला यजमानपद मिळालं 1931 ला, हिटलर सत्तेत आला 1933 ला, म्हणजे मान दिला एका जर्मनीला अन् मांडव घातला दुसऱ्याच जर्मनीनं. ज्यू लोकांच्या विरोधातले फलक तेवढ्या दिवसांपुरते रस्त्यावरून काढून ठेवले होते, पाहुणे आले अन् म्हणाले किती छान शहर आहे. पुढं कबड्डीला आशियाई खेळात पदकाचा मान मिळाला तो 1990 ला बीजिंगमध्ये, अन् तिथल्याच तियानआनमेन चौकात आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर रणगाडे आले त्याला तेव्हा सव्वा वर्षच झालं होतं. आपण सुवर्ण जिंकलं. ज्यांनी ते जिंकलं त्यांच्या घामात काहीच खोट नव्हती. म्हणून मी यजमान देशाचं सरकार कसं आहे एवढ्याच एका गोष्टीवर खेळाडूला घरी बसवायच्या विरोधात आहे. मोठ्या स्पर्धेचं यजमानपद सहा-सात वर्षं आधी ठरते, तेवढ्या काळात कुठं काय पेटेल हे कोणालाच सांगता येत नाही.

आता मुद्द्याचं. लोक टीव्हीवर बघतात अन् विचारतात मैदान सुरक्षित आहे का. भाऊ, मैदान बहुतेक वेळा सुरक्षितच असते. तिथं गेट असते, तपासणी असते, सगळ्यांचं लक्ष तिकडंच असते. धोका असते रस्त्यावर. 3 मार्च 2009, लाहोर. श्रीलंकेचा क्रिकेट संघ कसोटीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलातून गद्दाफी स्टेडियमला निघाला अन् स्टेडियमच्या जवळच्या चौकात बसवर गोळीबार झाला. सहा पोलिस अन् दोन नागरिक गेले, खेळाडू जखमी झाले, मागच्या गाडीत पंच होते त्यातल्या एकाला गोळी लागली. खेळाडू वाचले ते ड्रायव्हरमुळं. मेहर मोहम्मद खलील त्याचं नाव. गोळ्या चालू असताना तो थांबला नाही, बस दामटत थेट स्टेडियमच्या आत नेली. एवढा बंदोबस्त होता, अन् शेवटी कामाला आलं काय तं एका ड्रायव्हरचं डोकं. तेव्हापासून माझा नियम आहे, संघ घेऊन कुठंही गेलो की आयोजकाला भेटायच्या आधी ड्रायव्हरला भेटतो, त्याच्यासोबत चहा घेतो, विचारतो दुसरा रस्ता माहीत आहे का, रात्री झोपला होता का, गाडीत डिझेल किती आहे. ज्याला दुसरा रस्ता माहीत नाही त्याच्या गाडीत मी लेकरं बसवत नाही.

अन् दुसरं, बंदोबस्त जास्त म्हणजे धोका कमी असंही नसते. हे मी पुस्तकातून नाही, एटापल्लीत शिकलो. तालुक्याच्या शालेय स्पर्धा होत्या अन् नेमकं त्याच दिवशीचं नक्षलवाद्यांचं बंदचं पत्रक आलं, झाडाला चिकटवलेलं, लाल अक्षरात. रस्त्यावर दोन ठिकाणी झाडं आडवी पाडलेली, एसटी बंद. वरून निरोप आला की पोलिसांच्या गाडीतून लेकरं आणू. मला तं बरंच वाटलं, म्हटलं चला सोय झाली. आमच्या शाळेत पाणी भरायला गावातला एक म्हातारा माडिया आदिवासी बाबा यायचा, त्यानं मला बाजूला घेतलं, तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाला, "मास्तर, त्या गाडीत नको. लेकरं पायी ने." सुरुंग कोणासाठी पेरतात हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं. पहाटे अंधार असतानाच निघालो, बावीस लेकरं, रांगेनं, जंगलातल्या पायवाटेनं, तो म्हातारा पुढं हातात कुऱ्हाड घेऊन अन् मी सगळ्यात मागं. एका पोट्टीच्या चपलेचा अंगठा तुटला तं तिनं दोन्ही चपला काढून पिशवीत टाकल्या अन् बाकीचं अंतर तशीच चालली. सकाळी दहाला मैदानावर पोचलो तं नऊ शाळांपैकी तीनच आल्या होत्या. तीन शाळांत स्पर्धा झाली. गाडीला त्या दिवशी काही झालं नाही, खरं सांगतो, पण त्या म्हाताऱ्याचं मी ऐकलं याचं मला आजही समाधान आहे.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच विचारा लागते की लोकांचा राग कोणावर आहे. सरकारवर आहे, पोलिसांवर आहे, का बाहेरून येणाऱ्यांवर आहे? हे तीन वेगवेगळे आजार आहेत अन् तिन्हीला एकच गोळी चालत नाही.

श्रीलंकेचं 2022 बघ. पेट्रोल नाही, गॅस नाही, लाइट जाते, लोक दिवसदिवस रांगेत, अन् राग पूर्णपणे राष्ट्राध्यक्षावर. ऑस्ट्रेलियाचा संघ अशात तिथं गेला. 9 जुलैला कोलंबोत लोक राष्ट्राध्यक्षाच्या निवासस्थानात घुसले, अन् त्याच दिवशी गॉलला कसोटी चालू होती, किल्ल्याच्या तटावर आंदोलक घोषणा देत होते अन् खाली मैदानात बॅटिंग चालू. खेळाला कोणीच हात लावला नाही. त्याच्या आधी 24 जूनला कोलंबोत शेवटची वनडे झाली तेव्हा तिथले प्रेक्षक ऑस्ट्रेलियाचा पिवळा रंग घालून आले, थँक्यूचे फलक घेऊन, की आमच्या एवढ्या वाईट दिवसात तुम्ही आले. ते फोटो मी माझ्या पोट्ट्यांना दाखवले. रांगेत उभं राहून थकलेला माणूस मैदानावर येऊन पाहुण्याला धन्यवाद म्हणते, हे ज्यांनी पाहिलं नाही तेच म्हणतात की लोक उपाशी आहेत अन् यांना खेळ सुचते. आता त्याच वर्षी आशिया कप मात्र श्रीलंकेतून यूएईला हलवला, अन् तेही बरोबरच होतं असं मी म्हणीन. दोन संघांसाठी डिझेल, लाइट, हॉटेल जुळवता येते, सहा संघ अन् त्यांच्यामागं येणारे हजारो लोक आले तं तेच डिझेल गावच्या माणसाच्या तोंडातून काढा लागते. यजमानपद श्रीलंकेकडंच ठेवलं, मैदान फक्त बदललं, अन् कप शेवटी श्रीलंकेनंच जिंकला.

ही यजमानपद ठेवून मैदान बदलायची पद्धत मला फार पटते. 2024 ला महिलांचा टी-ट्वेंटी वर्ल्डकप बांगलादेशात होता, 5 ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या, आयसीसीनं त्याच महिन्यात निर्णय घेतला अन् ऑक्टोबरात स्पर्धा दुबई-शारजाला झाली, यजमान म्हणून नाव बांगलादेशच्याच बोर्डाचं राहिलं. दीड महिना आधी ठरलं म्हणून संघांची तिकिटं, व्हिसा सगळं नीट झालं. हेच शेवटच्या दिवशी ठरलं असतं तं? 2021 च्या सप्टेंबरात न्यूझीलंडचा संघ रावळपिंडीत होता, पहिली मॅच सुरू व्हायच्या थोडा वेळ आधी दौरा सोडला. त्यांच्याकडं काही माहिती आली असेल तं त्यांनी जायलाच पाहिजे, मी त्यांना नावं ठेवत नाही, पण ज्या पाकिस्तानी पोट्ट्यांनी लाहोरनंतर वर्षानुवर्षं घरची मॅच दुबई-अबुधाबीला खेळली त्यांच्या पोटात त्या दिवशी काय झालं असेल हे मला कळते.

पोलिसांचंही एक गणित आहे. आमच्या गावची स्पर्धा एका वर्षी निवडणुकीच्या तारखांत आली तं ठाणेदार साहेबांनी सरळ सांगितलं, मास्तर, माणसं तेवढीच आहेत, पेट्या सांभाळू का तुमचं मैदान? स्पर्धा पंधरा दिवस पुढं ढकलली. 2009 ला अख्खी आयपीएल दक्षिण आफ्रिकेला गेली ती याच कारणानं, लोकसभेची निवडणूक अन् आयपीएल एकाच वेळी, दोन्हीला फोर्स पुरणार नव्हता. म्हणजे गडबड आपल्याकडंही असते भाऊ. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा इंग्लंडचा संघ भारतातच होता. उरलेल्या दोन वनडे रद्द झाल्या, संघ घरी गेला, अन् डिसेंबरात परत आला, चेन्नईला कसोटी खेळला, सचिननं नाबाद 103 काढले अन् आपण 387 चा पाठलाग करून जिंकलो. ते परत आले नसते तं आपल्याला कसं वाटलं असतं याचा विचार दुसऱ्याच्या देशाबद्दल बोलताना करा लागते.

माझा स्वतःचा अनुभव नेपाळचा. माओवाद्यांचं आंदोलन जोरात होतं तेव्हाची गोष्ट. निमंत्रित स्पर्धा होती, बारा पोट्टे, मी अन् एक सहकारी. नागपूरहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून जीपनं सुनौली, पायी सीमा ओलांडली, अन् बुटवलला पोचलो तं चक्का जाम. आयोजक फोनवर सांगते, "निघा निघा, काही होत नाही." काही होत नाही म्हणणारा माणूस स्वतः आमच्यासोबत बसमध्ये नव्हता. मी नाही म्हटलं. मंग तोच आयोजक म्हणते, आला नाही तं संघ बाद, प्रवासखर्चही मिळणार नाही. माझ्याजवळ मोजून पैसे होते. लॉजवाल्या दादानं दोन खोल्या दिल्या, सोबतचा ठेचा अन् जवसाची चटणी दालभाताबरोबर दोन दिवस पुरवली. पर्यटकांची पाटी लावलेल्या गाड्या त्या बंदमध्येही जात होत्या, म्हणजे राग बाहेरच्यावर नव्हता, पण आमची साधी गाडी होती अन् ट्रकवर दगड पडलेले मी डोळ्यानं पाहिले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॉजमागच्या मोकळ्या जागेत पोट्टे सराव करत होते तं तिथली पोरं येऊन उभी राहिली, थोड्या वेळानं चुन्यानं रेषा मारल्या अन् दोन तास सामना चालला, नियम थोडे त्यांचे थोडे आपले. तिसऱ्या दिवशी जाम उठला, आम्ही परतीची वाट धरली. स्पर्धा आमच्याशिवाय झाली, खर्च खरंच मिळाला नाही, गावात लोकांनी विचारलं की न खेळता काऊन आले. बाराच्या बारा पोट्टे घरी आणले एवढंच उत्तर माझ्याजवळ होतं.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं लिहिलं ती सांगतो. खेळाडूला, संघाला "आम्ही येत नाही" किंवा "आम्ही परत जातो" म्हणायचा हक्क आहे का, अन् तो वापरल्यावर शिक्षा होते का? माझ्या मते सगळं याच्यावर आहे. 2010 च्या जानेवारीत अंगोलात आफ्रिका कप होता. त्यातले काही सामने काबिंडात ठेवले. काबिंडा म्हणजे अंगोलाचाच पण मधात दुसरा देश असलेला, वेगळं व्हायची मागणी करणारा, बंदुका चालणारा भाग. टोगोचा संघ काँगोतून बसनं तिकडं निघाला, सोबत लष्कराची माणसं होती तरी बसवर गोळीबार झाला. सहाय्यक कोच अन् माध्यमांचं काम बघणारा अधिकारी वारले, गोलकीपरला गंभीर इजा झाली. टोगोच्या सरकारनं संघ परत बोलावला. अन् आफ्रिकेच्या फुटबॉल महासंघानं काय केलं? सरकारनं हस्तक्षेप केला म्हणून टोगोला पुढच्या दोन स्पर्धांसाठी बंदी. प्रेतं घेऊन घरी गेलेल्या संघाला बंदी! नंतर मे महिन्यात मागं घेतली, पण घातली होती हे मी कधीच विसरणार नाही. स्पर्धा काबिंडात ठेवायचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्यापैकी त्या बसमध्ये कोणीच नव्हतं.

त्याच्या उलट 1996 बघ. वर्ल्डकपच्या तोंडावर, 31 जानेवारीला कोलंबोत सेंट्रल बँकेवर बॉम्बस्फोट झाला, ऑस्ट्रेलिया अन् वेस्ट इंडिजनं तिथं खेळायला नकार दिला. गुण श्रीलंकेला दिले, बस, बंदी नाही काही नाही. अन् दुसरीकडं भारत-पाकिस्तानचा मिळून एक संघ कोलंबोला मैत्रीचा सामना खेळायला गेला, एकाच संघात सचिन अन् वसीम अक्रम. झिंबाब्वे गेला, केनिया गेला. ज्याला जायचं तो गेला, ज्याला नाही जायचं त्यानं गुण सोडले. हे मला न्यायाचं वाटते. जाणाऱ्याची हिंमत खरी कधी म्हणायची, न जाणाऱ्याला मोकळीक असेल तेव्हाच. नाही तं ती जबरदस्ती झाली.

सरकारं खेळाचा मुलामा लावतात, तेही खरं आहे. 1978 ला अर्जेंटिनात लष्करी राजवट होती, फायनल झाली त्या स्टेडियमपासून दोन किलोमीटरच्या आत माणसं पकडून छळायचं ठिकाण होतं. 1968 ला मेक्सिकोत ऑलिंपिकच्या दहा दिवस आधी विद्यार्थ्यांवर गोळ्या घातल्या अन् स्पर्धा ठरल्या वेळी सुरू केली. अशा वेळी खेळाडूनं बोलावं का? ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण जे बोलले त्यांचा मला आदर आहे. 2003 ला हरारेत झिंबाब्वेचे अँडी फ्लॉवर अन् हेन्री ओलोंगा दंडाला काळी पट्टी बांधून उतरले, देशात लोकशाही मेली म्हणून. ओलोंगाला नंतर देश सोडा लागला. बहिष्कार टाकणाऱ्या बाहेरच्या संघापेक्षा ती एक काळी पट्टी जगानं जास्त बघितली असं मला वाटते. पण आपली सतरा-अठरा वर्षांची पोरगी तिथं पाहुणी आहे, तिच्या खांद्यावर आपण हे ओझं टाकू नये.

तं भाऊ, तुझ्या पोरीचं. संघाच्या मॅनेजरला फोन कर अन् लाजू नको. हॉटेल ते मैदान किती अंतर आहे अन् पर्यायी रस्ता कोणता हे विचार. विमानतळ बंद झाला तं काय करणार हेही विचार, कारण 2025 च्या सप्टेंबरात काठमांडूत असंच झालं, बांगलादेशचा फुटबॉल संघ हॉटेलात अडकून पडला अन् शेवटी त्यांच्या हवाई दलाच्या विमानानं घरी नेला. आपल्या दूतावासाला संघ येतोय हे कळवलं का, अन् कोणाला कळवलं, नाव-नंबर माग. पासपोर्ट पोरीजवळच राहील, आयोजकाकडं जमा होणार नाही, हे पक्कं कर, दोन झेरॉक्स तिच्या बॅगेत अन् एक फोटो तुझ्या मोबाइलमध्ये. इंटरनेट बंद झालं तं साध्या फोनवर रोज कोण अन् किती वाजता कळवणार तेही ठरवून घे. पोरीलाही विचार की तिला काय वाटते, तिला समोर बसवून विचार, कारण अंगावर चढाई तिलाच करायची आहे.

अन् सगळ्यात आधी हे विचार की तिथं पोचल्यावर परत यायचं ठरलं तं निर्णय कोण घेणार, अन् त्याबद्दल पोरीवर पुढच्या निवडीत काही कारवाई होणार नाही हे लेखी देता का. लेखी दिलं तं पाठव, मी असतो तं पाठवलं असतं, त्या देशातला राग त्यांच्या सरकारवर आहे, पाहुण्यावर नाही, मी चार दिवसांपासून बातम्या बघतोय. "ते तिथं गेल्यावर बघू" असं उत्तर आलं तं नको पाठवू. मॅनेजरचा नंबर मिळाला की मलाही पाठव, उद्या संध्याकाळी शाळेच्या मैदानावरून आलो की मीच बोलतो त्याच्याशी.